पहिलं विमान कुणी पाहिलं?

14 एप्रिल 1865 च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्यानंतर तीसेक वर्षांनी एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह नावाच्या अभ्यासकाने लोकांना गाठून एकच गोष्ट विचारली. लिंकन गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? 179 जणांना विचारलं. त्यातल्या 127 जणांनी आपण कुठे होतो, काय करत होतो, कुणी सांगितलं, हे सगळं तपशिलात सांगितलं. 1899 साली त्याने ते छापलं.

त्यातली एक हकीकत माझ्या मनातून जात नाही. सांगणारी व्यक्ती तेव्हा तरुण होती, पदवीदान समारंभ जवळ आला होता, आणि त्यासाठी लागणारं सामान आणायला वडिलांबरोबर गाडीतून शहराकडे निघाली होती. मेन राज्यातला रस्ता. एका चढणीवरून गाडी खाली उतरू लागली तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे जाणवलं. माणसं घोळक्याने उभी, चेहरे उतरलेले. वडिलांनी घोडा थांबवला, वाकून विचारलं, काय झालं? कुणीतरी सांगितलं. वडिलांच्या हातातून लगाम गळून पडला. ते रडले, बराच वेळ तसेच बसून राहिले. मग, घरापासून लांब आलो आहोत आणि काम तर करायलाच हवं, म्हणून सावरले आणि दोघांनी जमेल तसं सामान घेतलं.

या संपूर्ण आठवणीत लिंकन जवळजवळ नाहीतच. वडिलांचे हात आहेत. तीसेक वर्षांनंतरही लक्षात राहिले ते हात.

1977 साली रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अशा आठवणींना ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ हे नाव दिलं. जुन्या कॅमेऱ्याचा दिवा लख्खकन पेटावा आणि समोर असेल नसेल ते सगळं फिल्मवर उमटावं, तशी आठवण. 22 नोव्हेंबर 1963 ला डलासमध्ये केनेडींची हत्या झाली, त्या दुपारबद्दल त्यांनी लोकांना विचारलं आणि जवळजवळ प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येबद्दल विचारलं ते. 40 कृष्णवर्णीयांपैकी 30 जणांना तो क्षण असा लख्ख आठवत होता, 40 गोऱ्यांपैकी फक्त 13 जणांना. देश एक, बातमी एक, दिवस एक. ज्यांचं काहीतरी त्यात गेलं, त्यांनी ते क्षण धरून ठेवले.

आमच्या घरात अशी धरून ठेवलेली संध्याकाळ म्हणजे 11 सप्टेंबर 2001. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन इमारतींवर विमानं आदळली तो दिवस. तिथे सकाळ होती, आमच्याकडे दिवेलागण. माझी आतेबहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये खालच्या मॅनहॅटनमध्ये नोकरीला होती. राहायची नदीपलीकडे न्यू जर्सीत. तिचं ऑफिस त्या दोन इमारतींमध्ये नव्हतं, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याच सावलीतून फिरायला जाते असं ती पत्रात लिहायची. आणि आत्या, म्हणजे तिची आई, नेमकी त्या आठवड्यात आमच्याकडे राहायला आली होती.

मला जे आठवतं ते असं. टीव्हीवर धूर. आत्या उभी, तिचा एक हात टीव्हीच्या कडेला, जणू तो पडेल म्हणून धरून ठेवलाय. बाबांनी मला सांगितलं, फोन लाव. आमचा फोन भिंतीला होता आणि त्याची वायर आखूड होती, त्यामुळे टीव्हीकडे पाठ करूनच उभं राहावं लागायचं. मी नंबर दाबायचे, सगळ्या लाइन व्यस्त असल्याची ध्वनिमुद्रित सूचना यायची, मी ठेवायचे, पुन्हा दाबायचे. पाठीमागे काय दिसतंय ते मला घरातल्यांच्या आवाजांवरून कळत होतं. दक्षिणेकडची इमारत कोसळली तेव्हा आईच्या तोंडून निघालेला आवाज मी ऐकला. चित्र मी नंतर पाहिलं. त्या दिवसाचं माझं सगळ्यात पक्कं दृश्य म्हणजे आमच्या भिंतीचा फिकट हिरवा रंग आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेले नंबर.

मी ढसाढसा रडत होते, हेही मला अगदी स्पष्ट आठवतं. त्याबद्दल पुढे सांगते.

गेल्या वर्षी घरातली बरीच मंडळी एकत्र जमली होती. बोलता बोलता तो विषय निघाला आणि दादाने, माझ्या मोठ्या भावाने, त्याची आठवण सांगितली. ती आम्ही अनेकदा ऐकलेली. तो सोफ्यावर बसला होता, टीव्ही लावला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पहिलं विमान उत्तरेकडच्या इमारतीत घुसलं. त्याला आधी वाटलं कुठलातरी सिनेमा चालू आहे. मग त्याने सगळ्यांना हाका मारल्या.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. तो म्हणाला, “मामा, हे शक्यच नाही. पहिलं विमान कुणीच लाइव्ह पाहिलेलं नाही.” आणि फोनवर शोधून त्याने ते सगळ्यांसमोर सिद्धही केलं. मग कुणीतरी हसलं. मुलगा म्हणाला, “म्हणजे तू इतकी वर्षं हे बनवून सांगत होतास?”

दादा काही बोलला नाही. त्या संध्याकाळी पुढे तो फारसा बोललाच नाही. माझा भाऊ बढाया मारणारा माणूस नाही. त्याचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं आणि मुलाचा रागही आला, जरी माहिती म्हणून मुलाचं बरोबर होतं. पहिलं विमान न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी धडकलं. तेव्हा तिकडे कुणी कॅमेरा लावून बसलेलं नव्हतं. अग्निशमन दलावर माहितीपट करणारे दोघे फ्रेंच भाऊ त्या भागात चित्रीकरण करत होते म्हणून ते दृश्य नोंदलं गेलं, आणि लोकांपर्यंत ते बऱ्याच तासांनी पोचलं. थेट दिसलं ते 9 वाजून 3 मिनिटांनी आलेलं दुसरं विमान, कारण तोवर कॅमेरे त्या इमारतींवर रोखले गेले होते.

पण ‘बनवून सांगत होतास’ हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून मी वाचायला लागले, आणि जे सापडलं ते मुलाला, दादाला आणि इतर अनेकांना सांगावंसं वाटलं.

कॅथी पेझ्डेक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्या घटनेनंतर सुमारे सात आठवड्यांनी न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि हवाईमधल्या लोकांना विचारलं: 11 सप्टेंबरलाच, त्याच दिवशी, तुम्ही पहिलं विमान धडकताना टीव्हीवर पाहिलंत का? 73 टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. वर्षं लोटलेली नव्हती, सात आठवडे झाले होते. एवढ्या थोड्या काळात बहुसंख्य लोकांच्या डोक्यात नंतर पाहिलेलं दृश्य मागे सरकून आपल्या जागी, म्हणजे सुरुवातीला, जाऊन बसलं होतं. गोष्ट सुरुवातीपासूनच सुरू व्हायला हवी ना. मन तशी ती लावून घेतं.

आणि त्या लोकांमध्ये खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षही होते. जॉर्ज बुश त्या सकाळी फ्लॉरिडातल्या सारासोटा इथे एका प्राथमिक शाळेत मुलांचा वर्ग बघायला गेले होते. वर्गात बसलेले असताना त्यांचे चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड यांनी त्यांच्या कानाशी वाकून दुसऱ्या विमानाबद्दल सांगितलं, तो फोटो जगाने पाहिला आहे. त्याच वर्षी 4 डिसेंबरला एका सभेत कुणीतरी त्यांना विचारलं, बातमी कळली तेव्हा तुम्हाला काय वाटलं? बुश म्हणाले की वर्गाबाहेर थांबलेलो असताना टीव्हीवर विमान इमारतीत घुसताना पाहिलं आणि वाटलं, काय वाईट वैमानिक आहे. म्हणजे पहिलं विमान. जे दिसणं शक्यच नव्हतं. यावरून केवढं काहूर उठलं! राष्ट्राध्यक्षांना आधीच सगळं माहीत होतं, त्यांच्यासाठी गुप्त चित्रण चालू होतं, अशा कहाण्या रचल्या गेल्या, अजूनही सांगितल्या जातात. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. या बाबतीत त्यांचं मन माझ्या भावाच्या मनासारखंच वागलं होतं. चुकीचं आठवणं आणि खोटं बोलणं या दोन गोष्टी आपण एकाच दावणीला बांधतो, आणि त्यात खरी माणसं दुखावली जातात.

याहूनही जास्त हलवून गेलं ते मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांचं काम. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं, सातही अंतराळवीर गेले. नाइसर तेव्हा अटलांटातल्या एमरी विद्यापीठात होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मानसशास्त्राच्या पहिल्या वर्गातल्या 106 विद्यार्थ्यांना कागद वाटले आणि लिहायला लावलं: बातमी कशी कळली, कुठे होतात, कोण बरोबर होतं, किती वाजले होते. ते कागद त्यांनी ठेवून दिले. अडीचएक वर्षांनी त्यातले 44 विद्यार्थी सापडले, त्यांना तेच प्रश्न पुन्हा दिले. एका मुलीने पहिल्या कागदावर लिहिलं होतं की ती धर्म विषयाच्या वर्गात होती, काही जण आत आले आणि त्याबद्दल बोलू लागले, पुढे खोलीवर गेल्यावर तिने टीव्ही बघितला. अडीच वर्षांनी तिला आठवत होतं की ती वसतिगृहाच्या खोलीत मैत्रिणीबरोबर टीव्ही बघत बसली होती आणि अचानक बातमी झळकली. तिला पूर्ण खात्री होती. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांची उत्तरं मूळ कागदाशी कुठल्याच मुद्द्यावर जुळली नाहीत. सगळं जुळलं असे फक्त तिघे. आणि खात्री? पाचपैकी सरासरी चारच्या वर.

नाइसर आणि त्यांची सहकारी निकोल हार्श यांना वाटलं, मूळ कागद समोर ठेवला की जुनी आठवण उसळून वर येईल. आपल्याच अक्षरातला कागद मुलांनी वाचला. एकालाही जुनी आठवण परत आली नाही. ती कुठे दडून बसलेली नव्हतीच. तिच्या जागेवर दुसरी राहायला आली होती.

त्या अभ्यासातला एक आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशीच्या कागदांत साधारण एक-पंचमांश मुलांनीच लिहिलं होतं की बातमी पहिल्यांदा टीव्हीवरून कळली. अडीच वर्षांनी हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेलं. म्हणजे जिन्यात भेटलेला कुणीतरी, वर्गात धावत आलेली मैत्रीण, अशी बातमी सांगणारी माणसं हळूहळू पुसली गेली, आणि त्यांच्या जागी पडदा येऊन बसला.

हे वाचल्यावर मी बाबांच्या डायऱ्या काढल्या.

बाबा आता नाहीत. ते रोज रात्री डायरी लिहायचे, तीन-चार ओळी. कोण आलं, कोण गेलं, कुणाला पैसे दिले. भावना वगैरे नसायच्या. त्यामुळे त्या आजवर कुणी चाळल्याही नव्हत्या. 2001 ची डायरी माळ्यावर सापडली. ते पान मी जसंच्या तसं इथे उतरवते:

“मंगळवार. संध्याकाळी न्यूयॉर्कची बातमी. शेजारच्यांनी येऊन टीव्ही लावायला सांगितलं. अक्का घरीच. थोरला क्लासहून आला त्याला दारातच सांगितलं, बूट न काढताच आत आला. दोन्ही इमारती पडल्या. फोन लागत नाही. धाकटी फोनपाशी, एक शब्द बोलत नाही, नुसता नंबर लावते. अक्काला झोपायला सांगितलं, ऐकत नाही.”

आणि त्याच्याखाली, दुसऱ्या शाईने: “पहाटे पोरीचा फोन. सुखरूप. बोटीने पलीकडे गेली. अक्काने तिला वॉशिंग्टनचं सांगितलं.”

दादाला कुणी सांगितलं? बाबांनी. दारात. त्याच्या आठवणीत सोफा आहे, टीव्ही आहे, तो एकटा आहे, आणि त्याने इतरांना हाका मारल्या. दारातले बाबा त्यात नाहीत.

हे पान त्याला दाखवावं की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. कुणाची आठवण पुरावा दाखवून काढून घेणं मला पटत नाही. पण इथे काढून घेण्यासारखं जेवढं होतं त्यापेक्षा देण्यासारखं जास्त होतं. मी त्याच्या घरी गेले आणि डायरी त्याच्या हातात दिली. त्याने वाचलं. मग विचारलं, “मी बूट घातलेले होते?” मी म्हटलं, असं लिहिलंय. तो म्हणाला, “मला दार अजिबात आठवत नाही गं. बाबा काय म्हणाले असतील?” त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ तेच बोलत बसलो. बाबांनी कुठले शब्द वापरले असतील, ते अशा वेळी आवाज खाली आणायचे की वर, आजोबा गेले तेव्हा त्यांनी आम्हाला कसं सांगितलं होतं. विमानाचा विषय निघालाच नाही. माझ्या मुलाला मी नंतर ते पान दाखवलं, एमरीच्या मुलांबद्दलही सांगितलं. त्याने मामाला फोन केला. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आता माझं रडणं. बाबा लिहितात, एक शब्द बोलत नाही, नुसता नंबर लावते. माझ्या आठवणीत मी ढसाढसा रडतेय. विल्यम हर्स्ट, एलिझाबेथ फेल्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 सप्टेंबरनंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांत लोकांकडून उत्तरं भरून घेतली, मग वर्षभराने, तीन वर्षांनी आणि दहा वर्षांनी पुन्हा. त्यांना दिसलं की बदल मुख्यतः पहिल्या वर्षात होतात. त्यानंतर आठवण घट्ट होते, चुकांसकट घट्ट होते, आणि माणूस तीच हकीकत वर्षानुवर्षं सांगत राहतो. आणि सगळ्यात जास्त निसटतं काय, तर तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं ते. जागा त्या मानाने टिकते. भावना मात्र आपण आजच्या मनाने भरतो. वीस वर्षांहून जास्त काळ मी त्या मुलीला रडवत आले, कारण आज त्या रात्रीचा विचार करताना मला रडू येतं. ती मुलगी गप्प होती. दगडासारखी उभी राहून नंबर लावत होती. तिच्याबद्दल मला आता जास्त माया वाटते.

सगळ्या लख्ख आठवणी वाईट बातम्यांच्याच असतात असं नाही. 9 नोव्हेंबर 1989 च्या संध्याकाळी पूर्व बर्लिनमध्ये सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचले, कधीपासून लागू असं कुणीतरी विचारलं, आणि आपल्या समजुतीप्रमाणे ताबडतोब असं ते म्हणून गेले. त्या रात्री बर्लिनची भिंत उघडली. पुढे जर्मनीच्या चॅन्सेलर झालेल्या अँगेला मर्केल तेव्हा पूर्व बर्लिनमध्ये राहणाऱ्या एक शास्त्रज्ञ होत्या. गुरुवार होता, आणि दर गुरुवारी त्या मैत्रिणीबरोबर सौनाला, म्हणजे गरम वाफेच्या स्नानाला, जात. बातमी ऐकूनही त्या ठरल्याप्रमाणे सौनाला गेल्या आणि मगच गर्दीबरोबर पलीकडे गेल्या. ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती पूर्ण माणसासारखी आहे. जग बदलत असतं आणि गुरुवार गुरुवारच असतो. पुढे याच रात्रीबद्दल केलेल्या एका अभ्यासात दिसलं की भिंत पडल्याचा ज्यांना आनंद झाला होता त्यांच्या आठवणी जास्त जिवंत होत्या, पण ज्यांना वाईट वाटलं होतं त्यांच्या आठवणी जास्त बिनचूक निघाल्या.

मग मला ताईची आठवण आली. इतकी वर्षं त्या दिवसाबद्दल आम्ही सगळे बोलत आलो. ताई कधीच बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

प्रसंग अंगावरून गेलेली माणसं आणि तो ऐकलेली माणसं यांत मोठा फरक असतो, हे नाइसर यांनाच पुढे दिसलं. 17 ऑक्टोबर 1989 ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. त्यांच्या गटाने भूकंप सोसलेल्या कॅलिफोर्नियातल्या लोकांकडून लगेच सगळं लिहून घेतलं, आणि दूर अटलांटात ज्यांनी फक्त बातमी ऐकली त्यांच्याकडूनही. दीडेक वर्षांनी पुन्हा विचारलं. अटलांटातल्यांची उत्तरं बरीच सरकली होती. कॅलिफोर्नियातल्यांची जवळजवळ जशीच्या तशी.

मी ताईला फोन केला. डायरीबद्दल काही न सांगता विचारलं, त्या दिवसाचं बोलशील का? ती म्हणाली, बोलते. मग ती सलग बोलली, न थांबता. ऑफिसमधून सगळ्यांना बाहेर काढलं. पहिली इमारत पडली तेव्हा ती रस्त्यावर होती. धुळीने दिसेनासं झालं. एका अनोळखी बाईने तिचं मनगट धरलं आणि धक्क्यापर्यंत सोडलं नाही. तिथे बोटी लागत होत्या, फेऱ्या मारणाऱ्या, मालाच्या, कसल्याही. त्या दिवशी पाण्यावरून सुमारे पाच लाख माणसं मॅनहॅटनबाहेर नेली गेली, त्यात ती एक. बोटीत कुणी बोलत नव्हतं. पलीकडे उतरल्यावर तिने वळून पाहिलं नाही, कारण मागे काय आहे ते तिला ठाऊक होतं.

मी विचारलं, “तुला कळलं कधी? की हा हल्ला आहे, विमानं पळवलेली आहेत?”

ती थोडा वेळ थांबली. म्हणाली, “असा क्षणच नाही माझ्याकडे. तुमच्याकडे असतो तसा. मला बातमी कुणी दिलीच नाही ना. मी त्यातच होते.”

आणि मग तिने जे सांगितलं ते मी कधीही ऐकलं नव्हतं. घरी पोचली तेव्हा तिच्या टीव्हीवर काहीच येत नव्हतं. न्यूयॉर्कच्या बहुतेक वाहिन्यांचं प्रक्षेपण उत्तरेकडच्या इमारतीच्या माथ्यावरच्या अँटेनातून व्हायचं. इमारतीबरोबर ते गेलं होतं, आणि तिच्याकडे केबल नव्हती. रेडिओ नव्हता. शेजारी कुणी घरात नव्हतं. ती फोन लावत बसली, आणि तिच्या संध्याकाळी, आमच्या पहाटे, तो लागला.

“आईने सांगितलं मला,” ताई म्हणाली. “वॉशिंग्टनला पेंटागॉनवर एक विमान पडलं, आणि चौथं पेनसिल्व्हेनियात. मला काहीच माहीत नव्हतं. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, आम्ही रात्रभर बघतोय. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं मला तिने, किती वाजता काय झालं ते. बातम्या वाचतात ना, तसं. एकदाही आवाज हलला नाही तिचा.”

मी तिला डायरीतली ती शेवटची ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, “पुन्हा वाच.”